फोटोखालचं एकेरी नाव

टिडवेल, साउथ कॅरोलायना
रविवार, १२ फेब्रुवारी २०२३

प्रिय टीनी,

तू बरी असशील, तुझे गुडघे दुखत असतील आणि तू ते कुणाला सांगत नसशील. मी बरी आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र दोन दिवस फ्रीजवर तसंच ठेवलं असशील. चालेल. आठ वर्षं थांबलेल्या माणसाला दोन दिवस काय जड?

इकडचं सांगायचं तर चर्चचं छप्पर अखेर नवं झालं, आणि ते कुणामुळे झालं यावरून दोन तट पडलेत. मिस ओपल ब्याण्णव वर्षांची झाली. अजून टोमॅटोचा लाल भात तीच करते आणि दुसऱ्या कुणी केला तर एक घास खाऊन ताट बाजूला सारते. मी अजून पाचवीला शिकवते. एकतिसावं वर्ष. निवृत्त हो म्हणून सगळे सांगतात, पण घरी बसून मी काय करू? नवऱ्याला शुद्धलेखन शिकवू?

पत्र लिहायला बसले ते शाळेतल्या एका गोष्टीसाठी. तुझा विश्वास बसणार नाही, पण ती तुलाच सांगावीशी वाटली.

फेब्रुवारी, म्हणजे शाळांमधला काळ्यांच्या इतिहासाचा महिना, लागला की मी कपाटावरचा खोका खाली काढते. त्यात आपल्या इतिहासातल्या सहा थोर माणसांची चित्रं आहेत, पिना टोचून टोचून कोपरे फाटलेली. मुलं जन्मतारखा पाठ करतात, मी भिंत सजवते आणि एक मार्चला थोर माणसं परत खोक्यात जातात. गोऱ्या मुलांना वाटतं, काळ्या लोकांचा इतिहास म्हणजे सहा माणसं आणि अठ्ठावीस दिवस. आपल्या मुलांनाही तसंच वाटायला लागलं होतं. यंदा मी खोका काढलाच नाही. मुलांना म्हटलं, "याच शाळेत पन्नास वर्षांहून जुनी एक वस्तू शोधा आणि तिच्याबद्दल मला एक प्रश्न विचारा."

कुणी जुनी घंटा शोधली, कुणी तळघरातला बॉयलर. टकर नावाच्या कार्ट्याने मलाच हाताला धरून वर्गापुढे उभं केलं. "ही वस्तू पन्नास वर्षांहून जुनी आहे. प्रश्न असा, की ही कधी बसते का?" वर्ग नुसता फुटला. मी त्याला पूर्ण गुण दिले. उत्तर खरं होतं आणि प्रश्नही वाईट नव्हता.

मारिसोल वेलास्को मात्र मला वर्गाबाहेर घेऊन गेली. ही बारीकशी पोर सगळं नीट मोजून बोलते. ग्वाटेमालाची माणसं. वडील खेकड्यांच्या कारखान्यात आहेत, आई आपल्याच शाळेच्या स्वयंपाकघरात. ती मला ऑफिसबाहेरच्या त्या फोटोपुढे घेऊन गेली. तुला माहीत आहे कुठला. १९७१ सालचा, शाळेत काम करणाऱ्या सगळ्या माणसांचा.

"सतरा माणसं आहेत," मारिसोल म्हणाली. "खाली सोळा जणांच्या नावाआधी मिस्टर, मिसेस नाहीतर मिस आहे, आणि पुढे आडनाव आहे. शेवटच्या बाईंना काहीच नाही. नुसतं डोवी. त्यांना आडनाव नव्हतं?"

टीनी, एकतीस वर्षं मी त्या फोटोपुढून रोज दोनदा तरी जाते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तशी माझी गत. खोक्यातल्या सहा जणांच्या जन्मतारखा मला तोंडपाठ, आणि पांढरा ॲप्रन घालून अगदी कडेला उभी असलेली आपली आई मला दिसत असून दिसत नव्हती. खरं तर दिसत होती. मी बघत नव्हते.

"उद्या सांगते," एवढंच मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. यात मी नम्र होणार नाही, मला शिकवता येतं. मी सांगितलं, की त्या काळी गोऱ्यांचं पाच वर्षांचं पोरही आपल्या साठीच्या माणसाला एकेरी हाक मारायचं. मिस्टर-मिसेस आपल्यासाठी नव्हतंच. चर्चमध्ये त्याच बाई मिसेस रिव्हर्स असायच्या आणि सोमवारी सकाळी शाळेच्या मागच्या दाराने आत गेल्या, की पुन्हा डोवी. काही बायका तर नावाचं पहिलं अक्षरच सांगायच्या, म्हणजे एकेरी हाक मारायला नाव हातात सापडायलाच नको.

"मग त्यांनीही उलट एकेरी हाक मारायची ना!" टकर म्हणाला. "फिट्टंफाट!"

"मारली असती तर नोकरी गेली असती. कधीकधी त्याहून जास्त काही गेलं असतं."

तेव्हा मी सांगितलं, की मिसेस रिव्हर्स माझी आई. ज्या शाळेत आपल्याला शिकायला बंदी होती तिथे ती बंदी उठायच्या अकरा वर्षं आधीपासून रांधत होती. आणि तिच्या हातच्या मऊ पावांसाठी शेरीफसुद्धा मागच्या दाराशी येऊन उभा राहायचा.

मारिसोलने हात वर केला. "माझ्या आईच्या बिल्ल्यावर पण नुसतं एल्विरा आहे."

आता काय सांगू? सहा वर्षं रोज दुपारी मी त्या खिडकीशी जाऊन म्हणते, "एल्विरा, भात जरा सढळ हाताने वाढ गं." ती बाई मला उलट मिसेस कूपर म्हणते. आणि मी डोवी रिव्हर्सच्या पोटची मुलगी! तोंडात मारल्यासारखं झालं. मी वर्गासमोरच म्हटलं, "उद्यापासून मीही त्यांना मिसेस वेलास्को म्हणणार."

मुलांनी मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला, की फोटोखालची पट्टी बदला आणि स्वयंपाकघरातले बिल्लेही. आमचा मुख्याध्यापक बेन हॉलिस हा माझ्याच हाताखालून गेलेला. अजूनही माझ्यासमोर खुर्चीत ताठ बसतो.

"मिसेस कूपर, बिल्ल्यांचं मी आजच करतो. पण फोटोचं... वरून कागद आलाय, तुम्ही वाचलाच असेल. कुठल्या मुलाला आपल्या वंशामुळे अवघडल्यासारखं वाटेल, असं काही शिकवायचं नाही."

"बेन, एका बाईचं आडनाव लिहिल्याने कुठल्या मुलाला अवघडल्यासारखं होणार आहे?"

"मुलांना नाही हो. त्यांच्या आजी-आजोबांना." बेन भित्रा आहे, पण खोटारडा नाही. शेवटी तो म्हणाला, "फोटो मिसेस लॅथ्रॉपनी शाळेला दिलेला आहे, पट्टीही त्यांनीच टाइप केली. त्या हो म्हणाल्या तर मी स्वतः खिळा ठोकतो."

तेव्हा येत्या शनिवारी मी मिसेस लॅथ्रॉपकडे जाणार आहे. तेव्हा त्या इथे शिक्षिका होत्या, फोटोत पुढच्या रांगेत मधोमध बसल्यात. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. काय होतं ते कळवीन.

मारिसोलने वर्गात आणखी एक प्रश्न विचारला होता. पण पत्र लांबलं आहे. दगडाबद्दल मी आज काही लिहिणार नाही, तूही लिहू नकोस.

तुझी,
व्हर्नेल


टिडवेल
रविवार, २६ फेब्रुवारी २०२३

प्रिय टीनी,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी टपालपेटी रोज उघडून बघत होते, हेही खरं.

मिसेस लॅथ्रॉपकडे जाऊन आले. मी पुढच्या दाराने गेले. घंटा वाजवताना आईची आठवण झाली. ती या घरी पाव द्यायला नेहमी मागूनच जायची. म्हातारीने स्वतः दार उघडलं.

"अगं व्हर्नेल, ये, ये! डोवीची मुलगी! अगदी तिच्यावर गेली आहेस."

चहा झाला. मग मी मुलांचा अर्ज पुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"आम्ही डोवीवर किती जीव टाकायचो, हे तुला ठाऊक नाही का? घरचीच होती ती आम्हाला. डोवीच्या हातचे पाव म्हणजे... आणि आता या पोरांनी मला वाईट ठरवायचं?"

"वाईट कुणी म्हटलं नाही. मी एकच विचारते. तिचं आडनाव काय होतं?"

म्हातारी आठवत होती बिचारी. खोटं नाही सांगत, कपाळावर आठ्या घालून खरोखरच आठवत होती. तिला माझं लग्नानंतरचं कूपर आठवलं, पण त्यामागचं काही आठवेना. "तिने कधी सांगितलंच नाही," असं शेवटी म्हणाली.

मग बहुधा मला खोटं पाडायला, की किती प्रेम होतं ते दाखवायला, देव जाणे, पण त्या उठल्या आणि स्वयंपाकघरातून पत्र्याचा डबा घेऊन आल्या. पाककृतींची कार्डं. त्यातलं एक त्यांनी बाहेर काढलं. "हे बघ, तिच्या स्वतःच्या हातचं. दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. बावन्न वर्षं जपलंय मी."

टीनी, आईचं अक्षर! तिरकं, दाबून लिहिलेलं, पेन्सिल जिभेला लावलेली कळावी असं. दोनशे पावांचा मैदा किती, दूध किती, यीस्ट किती. "कोमट म्हणजे तान्ह्याला आंघोळ घालता येईल इतपत." आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून, सही.

मिसेस डी. रिव्हर्स.

म्हातारीने चष्मा लावला. कार्ड हातात घेतलं आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी नेहमी मैदा किती, तेवढंच वाचत आले."

मला तिची दयाही आली आणि रागही आला. दोन्ही एकदम. निघताना तिने कार्ड माझ्या हातात ठेवलं. "बेनला सांग, नवी पट्टी मी टाइप करून देते. माझी चूक आहे, मीच निस्तरते." आणि दारात, टीनी, ती मला "मिसेस कूपर" म्हणाली. जीभ अडखळली, पण म्हणाली.

इथपर्यंत लिहिलेलं वाचलंस तर म्हणशील, व्हर्नेल जिंकून आली आणि बढाया मारायला बसली. आता न लिहिलेलं लिहिते.

मारिसोलने त्या दिवशी वर्गात विचारलं होतं, "मग तुम्ही याच शाळेत असताना, जेवणाच्या रांगेत, तुमच्या आईला काय हाक मारायचा?"

मी म्हणाले, "आई. दुसरं काय?"

खोटं. तीस मुलांसमोर, इतिहासाच्या तासाला, मी धडधडीत खोटं बोलले.

मी नऊ वर्षांची होते. त्या शाळेतलं माझं पहिलं वर्ष. चौथीच्या वर्गात आपल्यातल्या आम्ही तीनच मुली. बाकीची सगळी पोरं रांगेत ओरडायची, "डोवी, मला दोन! डोवी, करपलेला नको!" माझ्यापुढे केट नावाची मुलगी होती. तिने त्या आठवड्यात मला पहिल्यांदा शेजारी बसायला बोलावलं होतं. तिने मागे वळून विचारलं, "ही तुमच्या घरची आहे का गं? तुझी कोणी लागते?" मी म्हणाले, "नाही." ताट पुढे केलं आणि म्हणाले, "डोवी, मला एकच."

आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिने माझ्या ताटात दोन पाव ठेवले आणि म्हणाली, "घ्या, मिस."

मला घ्या म्हणाली, टीनी. मला.

रात्री तिने नेहमीसारखी माझी वेणी घातली. वेणी झाल्यावर फक्त म्हणाली, "उद्यापासून तू घरून डबा ने." शाळेतली सगळी पोरं आईच्या हातचं गरम जेवायची आणि तिची स्वतःची पोर थंड डबा उघडायची. आठवतं, तू मला चिडवायचीस, "आमच्या राणीसाहेबांना शाळेचं अन्न चालत नाही"? आई ऐकायची आणि गप्प राहायची. तिने मला त्या रांगेतून सोडवलं, पुन्हा कधी तसं म्हणायची वेळ माझ्यावर येऊ नये म्हणून. तुलाही तिने सांगितलं नाही. कुणालाच नाही. मरेपर्यंत.

आता आईच्या थडग्यावरच्या दगडाचं. मी दगडावर "डोवी" कोरून घेतलं आणि खाली "सर्वांची लाडकी". दफनाच्या दिवशी तू ते वाचलंस आणि म्हणालीस, "त्यांनी तिला जन्मभर एकेरी हाक मारली, आता मेल्यावरही मारू दे, नाही का?" मी उलट म्हणाले, "मिसेस रिव्हर्स लिहिलं तर गावात ओळखणार कोण?" तू म्हणालीस, "तेच तर दुखणं आहे," आणि ताटाला हात न लावता गाडीत बसलीस. तू बरोबर होतीस हे मला तेव्हाच कळलं होतं. आठ वर्षं नाक वर करून बसले ती दगडासाठी नाही. दगड बदलला असता, तर तिचं नाव काढून घेणाऱ्यांच्या रांगेत मीही ताट घेऊन उभी होते, हे कबूल करावं लागलं असतं. मला ते जमत नव्हतं.

सोमवारी वर्गात गेले. फळ्यावर झालेली चूक फळ्यावरच पुसायची, हा माझा नियम मुलांना पाठ आहे. मी म्हटलं, "दोन आठवड्यांपूर्वी मी शिकवलेल्या इतिहासात एक वाक्य चुकीचं होतं." आणि सांगितलं, केटसकट, दोन पावांसकट. शेवटपर्यंत सांगितलं.

मग टकर म्हणाला, "पण तुम्ही लहान होतात."

"हो. म्हणूनच कळायला एवढा वेळ लागला."

मारिसोल खाली बघत होती. दुपारी रांगेत मी तिच्या मागे दोन मुलं सोडून उभी होते. खिडकीत तिची आई, छातीवर नवा बिल्ला: मिसेस वेलास्को. पोरं नवं नाव घोळवून घोळवून म्हणत होती, खेळणं मिळाल्यासारखी. मारिसोलचा नंबर आला. तिने मागे वळून सगळ्या रांगेकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, मला दोन."

"गप उभी राहा रांगेत! एकच मिळेल," आई म्हणाली आणि दोन वाढले.

मी ताट घेऊन थेट वर्गात गेले, दार लावलं आणि रडले. मग तोंड धुतलं, कारण पुढचा तास अपूर्णांकांचा होता.

पट्टी परवा बसली. बेनने खरंच स्वतः खिळा ठोकला आणि अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. दोन पालकांचे तक्रारीचे फोन आले. त्यांच्याशी मी बोलले, आता येत नाहीत. पट्टीवर लिहिलंय: मिसेस डी. रिव्हर्स. मुलांमध्ये वाद झाला होता, की डोवी पूर्ण लिहावं की नुसतं डी. मारिसोल म्हणाली, "त्यांनी स्वतः जसं लिहिलं तसं." वाद संपला.

दगड घडवणाऱ्याशी बोलले आहे. नवा दगड एप्रिलपर्यंत होईल. त्यावर काय कोरायचं ते मी ठरवणार नाही. मागच्या वेळी एकटीने ठरवलं, पुरे झालं. तू थोरली आहेस, तू ये आणि सांग. येणार नसशील तर कागदावर चार शब्द लिहून पाठव, तेवढेच कोरीन. पण ये. पुढच्या दाराची किल्ली अजून आई ठेवायची तिथेच असते.

सोबत आईचं कार्ड पाठवते आहे. नक्कल नाही, तेच. मी मैदा-दूध उतरवून घेतलं आहे. खालची ओळ तुझ्याकडे असू दे. तू ती कधीच विसरली नव्हतीस.

आणि टीनी, मी तेव्हा रांगेत जे नाही म्हणाले होते, ते इथे लिहून सही करते.

मी तिची लागते. मिसेस डी. रिव्हर्स यांची धाकटी मुलगी,
व्हर्नेल